केबल बंद करायचं म्हणतोय. सांगली-साताऱ्याकडचे लोक स्वस्तात टीव्ही कसा बघता?

हळदीचं_पेव

नमस्कार मंडळी. आम्ही विश्रामबागेत राहतो. केबलचं बिल वाढत वाढत पावणेचारशेवर आलंय आणि घरात बघितले जाणारे चॅनेल मोजले तर दोन्ही हातांची बोटं पुरतात. बाकीचे दोनशे कुणासाठी येतात कळत नाही.

घरची परिस्थिती अशी. वडिलांना बातम्या आणि मॅच. आईला संध्याकाळी सात ते दहा मालिका, त्यातही स्टार प्रवाह आणि झी मराठी. मुलगी कार्टून बघते. मी आणि बायको टीव्हीपुढे बसतच नाही, आमचा मोबाईल. टीव्ही ३२ इंची, स्मार्ट आहे म्हणे. घरात फायबरचं नेट आहे, ते ऑफिसच्या कामासाठी लागतंच, म्हणून त्याचा खर्च यात धरत नाही.

फ्री डिशचं खूप ऐकलंय. सांगलीत नीट चालते का? मालिकांचं काय करायचं? बहीण साताऱ्याला मंगळवार पेठेत असते, तिलाही हेच करायचंय, म्हणून दोन्हीकडचं सांगा.

नाक्यावरचा_गण्या

टीव्ही विका. पैसे वाचतील आणि शांतता मिळेल ती वेगळी.

हळदीचं_पेव

गण्या, हे आमच्या आईला येऊन सांग. चहा मिळेलच असं नाही.

तबकडी

जरा सविस्तर लिहितो, कारण या विषयावर अर्धवट माहितीच जास्त फिरते.

फ्री डिश ही प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेची सेवा. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झाली, पुढे नाव बदललं. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही, कार्ड नाही. एकदा डिश, एलएनबी (तबकडीपुढचा सिग्नल पकडणारा डबा), बॉक्स आणि वायर घेतली की झालं. सगळं मिळून बाजारात साधारण दीड ते दोन हजारांत बसतं, बसवणाऱ्याची मजुरी वेगळी. कुणी "वर्षाचं रिचार्ज" मागितलं तर तो फसवतोय, सरळ दार दाखवा.

उपग्रह जीसॅट-१५, जागा ९३.५ अंश पूर्व. सांगली-साताऱ्यातून तो आग्नेयेला दिसतो. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं मोजलं तर साधारण १३० अंश, आणि क्षितिजापासून वर साधारण ६० अंश. मोबाईलमधलं होकायंत्र चालतं, फक्त लोखंडी जिन्याला किंवा गजाला चिकटून धरू नका, सुई भरकटते. आपल्याकडच्या डिश ऑफसेट प्रकारच्या असल्यामुळे तबकडी ६० अंश वर बघतेय असं डोळ्यांना वाटत नाही, बरीच उभी दिसते. त्यामुळे नुसत्या अंदाजानं वर करत बसू नका. बॉक्सच्या मेनूत सिग्नलची पट्टी असते, ११०९० फ्रिक्वेन्सी, २९५०० सिम्बॉल रेट, व्हर्टिकल असं लावून पट्टी बघत बघत हळूहळू हलवा. एक माणूस गच्चीवर, एक टीव्हीपुढे, आणि मध्ये फोन चालू. भांडणं होतात, पण जमतं.

जुनी डीटीएचची डिश गच्चीवर पडून असेल तर नवी घेऊच नका. तबकडी आणि साधा युनिव्हर्सल एलएनबी असेल तर तोच चालतो, फक्त तोंड फिरवायचं. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशावर आहे, म्हणजे जवळजवळ शेजारी. तबकडीमागे उभं राहून दोन-अडीच अंश उजवीकडे आणि किंचित वर. टाटा प्लेची डिश ८३ अंशाकडे बघते, ती मात्र चांगली वीसेक अंश डावीकडे, पूर्वेच्या बाजूला घ्यावी लागते.

बॉक्स एमपेग-४ चाच घ्या, ही चित्र पाठवायची नवी पद्धत. जुने एमपेग-२ चे बॉक्स अजून काही दुकानांत दोन-तीनशे रुपये कमी सांगून खपवतात. त्यावर काही चॅनेल दिसतच नाहीत.

आणि एक गोष्ट आधी तपासा. तुमच्या स्मार्ट टीव्हीच्या मागे स्क्रूसारखी आटे असलेली पिन आहे का, आणि चॅनेल शोधायच्या मेनूत अँटेना, केबल याखाली सॅटेलाइट असं काही येतं का. येत असेल तर टीव्हीतच ट्यूनर आहे. डिशची वायर थेट टीव्हीला, बॉक्सचा खर्च वाचला, रिमोटही एकच.

कंदी_पेढा

साताऱ्याचं मी सांगतो, पण आधी माझी शंका. मंगळवार पेठेत अजिंक्यतारा अगदी डोक्यावर आहे. दक्षिणेला किल्ला आणि उपग्रह आग्नेयेला. डोंगर आड येणार नाही का? आमच्या शेजाऱ्याला बसवणाऱ्यानं हेच कारण सांगून परत पाठवलं होतं.

तबकडी

नाही येणार. साठ अंश म्हणजे बरंच वर. पायथ्याच्या घरातूनसुद्धा किल्ल्याचा माथा एवढा वर दिसत नाही. मान किती मागे टाकावी लागते बघा. साताऱ्यात आड येतो तो शेजारचा नारळ, पाण्याची टाकी, नाहीतर नुकताच चढलेला तिसरा मजला. बसवणाऱ्याला त्या दिवशी दुसरीकडे जायचं असणार.

कंदी_पेढा

हे पटतंय. किल्ल्यावर दूरदर्शनचा मनोरा आहे, पूर्वी नुसत्या एरियलवर झकास दिसायचं. आता एरियल लावून काही येत नाही ना?

तबकडी

आता नाही. जमिनीवरून होणारं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण प्रसार भारतीनं मोजकी ठिकाणं सोडून देशभर बंद केलं, मार्च २०२२ पर्यंत ते काम उरकलं होतं. ऑनलाइन "इनडोअर अँटेना, २०० चॅनेल फुकट" अशा जाहिराती दिसतात. अमेरिकेत अँटेनावर बरंच काही येतं, तिकडचे व्हिडिओ बघून लोक इथे मागवतात. आपल्याकडे शोभेला ठेवावा लागेल.

पदर_खोचून

तांत्रिक झालं, आता मालिकांचं बोलू. खरा प्रश्न तोच आहे आणि पुरुषमंडळी त्यावरून उडी मारून पुढे जातात.

पेवदादा, फ्री डिशवर स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी, सोनी मराठी येत नाहीत. सह्याद्री येते, आणि इतर काही मराठी चॅनेल असतात, पण त्या जागांचा प्रसार भारती लिलाव करते, त्यावर ते बदलतात. आज दिसलेलं चॅनेल पुढच्या वर्षी असेलच असं नाही. एप्रिल २०२२ मध्ये स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते, सोनी पल अशी हिंदी चॅनेल एकदम गेली होती, तेव्हा आमच्या वाड्यात सुतक पडल्यासारखं झालं होतं.

प्रवाह येईल अशी वाट बघू नका. ट्रायचा, म्हणजे टीव्ही-फोनच्या सरकारी नियामकाचा, जुलै २०२४ चा नियम असा आहे की पैसे घेणारं चॅनेल फ्री डिशवर फुकट दिलं तर ते केबल-डीटीएचवरही फुकटच द्यावं लागेल. एवढं दुभतं चॅनेल कोण फुकट सोडेल?

मग उपाय काय, तर ॲप. प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. सगळी ॲप घेतलीत तर केबलच परवडली म्हणायची वेळ येईल. आईंना विचारा, एकच घर निवडायचं तर प्रवाह की झी? मग त्याच एका ॲपचे पैसे भरा. घेण्याआधी हेही बघा, तो प्लॅन टीव्हीवर चालतो की फक्त मोबाईलवर. स्वस्तातले प्लॅन बरेचदा मोबाईलपुरतेच असतात, आणि मग आई फोन नाकाजवळ धरून मालिका बघणार. तुमच्या फायबरच्या किंवा मोबाईलच्या रिचार्जबरोबर एखादं ॲप आधीच मिळत असेल, तेही तपासा. पुष्कळ घरांत ते मिळालेलं असतं आणि कुणी उघडलेलं नसतं.

आमच्याकडे अडलं ते पैशावर नाही, रिमोटवर. सासूबाईंना चॅनेलचा नंबर पाठ होता. तीन आकडे दाबले की मालिका. ॲपमध्ये आधी प्रोफाईल निवडा, मग शोधा, मग कालचा भाग की आजचा ते बघा. त्या म्हणाल्या, "मला कुणाच्या पाया पडून टीव्ही बघायचा नाही." मग मी रोज पावणेसातला लावून द्यायला लागले. आता त्या स्वतः माईकचं बटण दाबून मालिकेचं नाव बोलतात, टीव्ही शोधून देतो. नाव चुकीचं ऐकलं तर त्याला शिव्याही देतात. माईक असलेला रिमोट असेल तर म्हाताऱ्या माणसांना लिहायला लावू नका.

एक फायदा कुणी सांगत नाही. लाईट गेली, पाहुणे आले, भाजी करपली तरी भाग चुकत नाही. नऊची मालिका अकराला बघता येते.

कृष्णाकाठचा

+१. "मला कुणाच्या पाया पडून टीव्ही बघायचा नाही" हे आमच्याकडेही शब्दशः.

मळ्यातला_माणूस

आमी तासगाव तालुक्यात मळ्यात राहतो. इथं केबल कधी आलीच नाय, नेट मोबाईलचं, ते पण झाडाखाली उभं राहिल्यावर. आमच्यासाठी फ्री डिशच. लई वर्सं झाली, खर्च शून्य. उंदरानं वायर कुरतडली तेवढाच काय तो.

मळ्यात राहणाऱ्यांसाठी सांगतो. बरेचसे बॉक्स १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. सोलरची नायतर फवारणीच्या पंपाची १२ व्होल्टची बॅटरी असली की लाईट नसताना पण बॉक्स चालतो. टीव्ही पण १२ व्होल्टचा मिळतो, छोटा. अडॅप्टरवर काय लिवलंय ते वाचूनच जोडा, प्लस-मायनस उलटं झालं तर बॉक्स गेला म्हणून समजा. गाळप हंगामात कारखान्याच्या तळावर जाऊन बघा, ऊसतोडीवाल्यांच्या कोपीपुढं काठीला डिश बांधलेली दिसती. गाव बदललं की डिश काढायची, बैलगाडीत टाकायची, पुढच्या तळावर परत लावायची. ती माणसं तबकडीभाऊंच्या अंशाबिंशाशिवाय पाच मिंटात सिग्नल धरत्यात.

डीडी किसान पण येतं. पण द्राक्षावर औषध कंचं मारायचं ते अजून शेजाऱ्यालाच विचारतो.

तबकडी

मळेकरी, त्यांच्यापुढे हात जोडले. त्यांना कुणी शिकवायला जाऊ नये.

स्लिप_फिल्डर

वडिलांच्या मॅचचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. इथे फ्री डिश केबलला मागे टाकते आणि बहुतेकांना हे माहीत नसतं.

२००७ चा कायदा आहे, राष्ट्रीय महत्त्वाच्या खेळांचं प्रक्षेपण हक्क असलेल्या कंपनीनं प्रसार भारतीला द्यायचं. भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि ट्वेंटी-ट्वेंटी सामने, विश्वचषकाच्या उपांत्य आणि अंतिम लढती असं बरंच त्यात येतं. मग केबलवरच्या डीडी स्पोर्ट्सवर मॅच का दिसत नाही? कारण ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ते चित्र फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवायचं, खाजगी केबल-डीटीएचवरून नाही. म्हणून एकाच वेळी एकच चॅनेल, फ्री डिशवर मॅच चालू आणि शेजारच्या केबलवर जुनी कबड्डी.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. आयपीएल यात नाही. कसोटी सरसकट नाही. २०२३ आणि २०२४ ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट होती, त्याची सवय लागलेले लोक २०२५ ला जिओहॉटस्टार आल्यावर रडत बसले. आणि ॲपवरची मॅच थोडी मागे असते. पलीकडच्या घरात "आऊट" म्हणून ओरडा होतो आणि आपल्याकडे बोलर अजून धावतोय. वडिलांना हे सहन होणार नाही, लिहून ठेवा.

बातम्यांसाठी पैसे भरायची गरज नाही. एबीपी माझा, टीव्ही ९ मराठी, झी २४ तास, सगळे यूट्यूबवर लाइव्ह असतात. प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲपही आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, त्यावर दूरदर्शनचे चॅनेल दिसतात. मुलीच्या कार्टूनला यूट्यूब आहेच, फक्त तिच्या हातात रिमोट देऊन निर्धास्त होऊ नका.

वायर_आणि_वेव्ह

मिरजेत केबलचा व्यवसाय आहे, माझी बाजूही ऐका. शिव्या नंतर द्या.

फेब्रुवारी २०१९ ला ट्रायचे नवे नियम आले. नेटवर्कचे १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि पे चॅनेलचे वेगळे. पे चॅनेलचा मोठा वाटा वर जातो, आमच्या हातात राहतो तो नेटवर्कचा, त्यातही मोठ्या कंपनीशी वाटणी. जुलै २०२४ ला ती १३० ची मर्यादा काढली, आता ज्यानं त्यानं ठरवायचं आणि जाहीर करायचं. तुमचं बिल पावणेचारशे का, तर बहुतेक तुम्ही कधीतरी "सगळं द्या" म्हणाला असाल आणि तेच पॅकेज चालू आहे. ऑपरेटरला म्हणा, फुकट चॅनेलचा बेस ठेव आणि प्रवाह, झी, अजून दोन सुटे लाव. सुट्या चॅनेलचे दर टीव्हीवरच्या गाईडमध्ये दिसतात. बिल बरंच खाली येईल. नाही म्हणाला तर त्याला सांगा की सुटे चॅनेल द्यावेच लागतात, नियमच आहे.

आणि २०१९ च्या पुरात सांगलीत काय झालं आठवा. आयर्विन पुलाची पातळी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि पाणी त्याच्याही बरंच वर गेलं. दिल्ली-मुंबईच्या चॅनेलवर तुमच्या गल्लीत पाणी किती आलं हे येत नव्हतं. लोकल केबलवर येत होतं, जिथं लाइन जिवंत होती तिथं तरी. गणपतीची मिरवणूक, पालिकेचं पाणी कधी येणार, हे फ्री डिशवर दाखवा बघू.

कृष्णाकाठचा

वायरभाऊ, सुट्या चॅनेलचं बरोबर बोललात, पण आमच्या भागातला ऑपरेटर सुटं मागितलं की "सिस्टीमला होत नाही" म्हणतो. पावती मागितली की पुढच्या महिन्यावर. सगळे तुमच्यासारखे असते तर हा धागाच निघाला नसता. आणि पुरात लाइट गेली की केबलही बंदच. आम्ही तेव्हा पातळी मोबाईलवर बघत होतो, आणि मोबाईल गेला तेव्हा आकाशवाणी सांगली. बॅटरीचा रेडिओ घरात ठेवा, हे मी कुठल्याही धाग्यावर सांगतो.

वायर_आणि_वेव्ह

पावती न देणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

झटपट_जुगाड

एवढी चर्चा कशाला? एक ॲप आहे, प्ले स्टोअरवर नाही, लिंक मी देतो. सगळे पे चॅनेल, आयपीएल, सगळं फुकट. व्यनि (खाजगी निरोप) करा.

तबकडी

इथे नको. ते चोरीचं प्रक्षेपण आहे, आणि असल्या फायली टीव्हीत टाकताना कुठल्या कुठल्या परवानग्या देतोय ते कुणी बघत नाही. पेवदादांच्या त्याच वायफायवर त्यांचं ऑफिसचं काम चालतं. शंभर-दोनशे रुपयांसाठी एवढी जोखीम नको.

पदर_खोचून

शिवाय ते ॲप ऐन क्लायमॅक्सला बंद पडतं. मैत्रिणीच्या घरी पाहिलंय.

जावळीकर

मेढ्याकडून लिहितोय. पावसाळ्याचं कुणीच बोललं नाही! आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये जोराची सर आली की फ्री डिशचं चित्र गोठतं, मग "सिग्नल नाही". यात डिशवाल्याचा दोष नाही, या फ्रिक्वेन्सीच्या लहरी मोठ्या पावसात शोषल्या जातात. खाजगी डीटीएचचंही तेच होतं. सांगलीकडे पाऊस कमी, तुम्हाला वर्षातून थोडेच वेळा त्रास होईल. महाबळेश्वर, जावळी, पाटण पट्ट्यात मात्र नेहमीच्या ६० सेंटिमीटरच्या तबकडीऐवजी मोठी, ९० ची लावली तर फरक पडतो. आणि वायरच्या जोडाला चिकटपट्टी गुंडाळून पाऊस थांबत नाही, वर रबरी टोपी घाला. आत पाणी शिरलं की दिवाळीपर्यंत कुरकुर.

हळदीचं_पेव

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. टीव्हीमागे बघितलं, आटेवाली पिन आहे आणि मेनूत सॅटेलाइटही येतंय! गच्चीवर आधीच्या भाडेकरूची डिश टीव्हीची तबकडी गंजत पडलीय, घरमालक म्हणाले घेऊन टाका. म्हणजे फ्री डिशचा खर्च वायर आणि मजुरी एवढाच.

आईला विचारलं, प्रवाह की झी. तिनं मिनिटभर विचार केला आणि "प्रवाह, पण झीची ती एक" असं उत्तर दिलं. त्या एका मालिकेचं काय करायचं ते बघतोय. मोबाईलच्या रिचार्जबरोबर हॉटस्टार होतं, पण ते मोबाईलपुरतंच निघालं, टीव्हीचा प्लॅन घ्यावा लागेल. केबल लगेच तोडत नाही, हा महिना दोन्ही चालू ठेवतो. वायरभाऊ, ऑपरेटरला सुट्या चॅनेलचा दरही विचारला, "उद्या सांगतो" म्हणालाय.

आता एक राहिलं. वडिलांच्या खोलीत जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे. त्याला त्याच डिशवरून वेगळं चॅनेल बघता येईल का?

तबकडी

येईल. दोन तोंडांचा एलएनबी घ्या, एका तबकडीवर दोन स्वतंत्र वायरी निघतात. एक तुमच्या टीव्हीला थेट, दुसरी वडिलांच्या खोलीत. जुन्या टीव्हीत ट्यूनर नाही, तिथे बॉक्स लागणारच, आणि बॉक्सला पिवळी-लाल-पांढरी पिन आहे ना ते बघूनच घ्या, हल्ली काहींना फक्त एचडीएमआय असतं. चित्र बहुतेक साध्या दर्जाचं येतं, त्यामुळे त्या जुन्या टीव्हीवर उलट जास्त बरं दिसेल. वायर आरजी-६ ची, अखंड, मध्ये जोड नको. तबकडीचा गंज घासून रंग मारा, पण मागचे नट आधी तेल टाकून सैल होतात का बघा. झाले नाहीत तर ती भंगारात द्या आणि नवी आणा.

आणि मधूनमधून चॅनेल पुन्हा शोधायला लावा, वर म्हटलंय तसं लिलावानंतर चॅनेल इकडचे तिकडे होतात. वडील "सह्याद्री गेली" म्हणून फोन करतील, तेव्हा ती गेलेली नसते, नंबर बदललेला असतो.

नाक्यावरचा_गण्या

नट सैल करायला मी येतो. चहा मिळणार असेल तर.